निलंबूरचा साग आणि आपला कातळ

सागाची लागवड करावी का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आता केरळातल्या निलंबूरला जाऊन या म्हणतो. कोकणातून नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेसने शोरनूर गाठायचं. तिथून निलंबूरला ६६ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा आहे. रुळांलगत साग दिसत राहतो, म्हणून दिवसाचीच गाडी धरा.

मलबारचा कलेक्टर कॉनोली आणि त्याच्या हाताखालचे चातू मेनन यांनी १८४० च्या दशकात जहाजांच्या लाकडासाठी इथे साग लावला. त्यातला थोडासा तुकडा कॉनोली प्लॉट म्हणून राखलाय. काही बुंधे दोघांच्या कवेत मावत नाहीत. प्लॉट नदीपलीकडे आहे. पावसाळा टाळा आणि पलीकडे जायची सोय चालू आहे का, ते आधी विचारा.

झाडं बघून झाली की पायाखाली बघा. चालियार नदीने आणून टाकलेला खोल, निचऱ्याचा गाळ आहे तो. हा साग त्या गाळावर पोसलाय. कठीण जांभ्यावर साग खुरटतो, आणि आपल्याकडे बहुतेकांची पडीक जमीन तीच असते! तरी रोपवाटिकेत पहिली मागणी सागाचीच.

गावाबाहेरचं सागाचं संग्रहालय (सोमवारी बंद) केरळच्या वनसंशोधन संस्थेने १९९५ मध्ये उभारलं. दारातच ५५ वर्षांच्या सागाची मुळं ठेवलीत. तिथे थांबा. एवढा पसारा आपल्या जमिनीत मावेल का, हा हिशेब तिथेच करा.

घरी परतल्यावर रोपं आणण्याआधी चार ठिकाणी कमरेइतके खड्डे खणा आणि जुलैत बघा. पाणी साचून राहिलं तर तिथे साग नको. ओढ्याकाठी माती खोल असेल आणि पाणी निचरत असेल, तर जरूर लावा. मध्यम जमिनीत शिवण लवकर वाढते. मात्र गुरं तिचा पाला आवडीने खातात, कुंपण हवंच. हलक्या जमिनीत खैर तग धरतो. ऐन-किंजळ आपसूक उगवत असतील तिथे तेच राखा, नव्या रोपांचा खर्चच नको.

वीस वर्षांत लाखोंचा साग, या जाहिरातींवर मी विश्वास ठेवत नाही. कोवळ्या झाडात गाभा कमी भरतो, आणि बाहेरचं पांढरं लाकूड टिकत नाही.

लावाल त्या झाडांची सातबाऱ्यावर नोंद मात्र लगेच करून घ्या. तोडीची परवानगी मागताना तीच दाखवावी लागते.