नेदरलँड्समधली पीएचडी आणि अर्जासोबतचं पत्र

राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून एमएस्सी करणारी मुलं मला विचारतात, "दादा, वाखेनिंगेनला पीएचडीचे प्रवेश कधी सुरू होतात?" वाखेनिंगेन म्हणजे नेदरलँड्समधलं शेतीच्या शिक्षणासाठी नावाजलेलं विद्यापीठ. असा ठरलेला हंगाम इथे नाही. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा नाही, गुणवत्ता यादीही नाही. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी निधी मिळाला की विद्यापीठ जागेची जाहिरात काढतं, मग महिना कुठलाही असो. ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि 'अकॅडमिक ट्रान्सफर' या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर येते. युरोपभरच्या जागा 'युराक्सेस' या संकेतस्थळावर सापडतात.

निवड झाली की तुम्ही विद्यापीठाचे कर्मचारी. साधारण चार वर्षांची नेमणूक, पण पहिला करार बहुधा वर्ष-दीड वर्षाचाच असतो आणि काम पाहून पुढे वाढतो. पगार जाहिरातीतच छापलेला असतो, वर आठ टक्के सुट्टीभत्ता. राहण्याच्या परवान्याचा अर्जही विद्यापीठच करतं. त्यामुळे "फी किती?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न या जागांना लागूच होत नाही. हे आई-वडिलांना नीट समजावून सांगा, त्यांच्या जिवाला घोर असतो.

खरी मेहनत पत्रावर घ्यायची. मागे एका ज्युनिअरने मसुदा पाठवला होता. जागा क्षारपड जमिनीवरच्या संशोधनाची आणि पहिला अख्खा परिच्छेद शेतकरी कुटुंब, लहानपणापासूनची आवड, जगप्रसिद्ध विद्यापीठ यावर. आणि याच मुलाने एमएस्सीला शिरोळ तालुक्यात उसाच्या रानातून मातीचे नमुने काढले होते! मातीचा सामू (पीएच) आणि क्षारांचा अंदाज देणारी विद्युत वाहकता स्वतः मोजली होती, निचरा नसलेल्या रानात पाणी देत गेलं की क्षार वर कसे येतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ते सगळं बायोडेटात एका ओळीत दडलेलं. आम्ही पत्र उलटं केलं. सुरुवात शिरोळच्या रानापासून: किती खोलीवरचे नमुने, काय आढळलं, कुठला प्रश्न सुटला नाही आणि तो जाहिरातीतल्या कामाशी कुठे जुळतो. पत्र पानभरच राहिलं, पण वाचल्यावर हा मुलगा उद्या शेतात उभा राहून काय करेल ते दिसत होतं.

आपल्या मुलांकडे अशी कामं भरपूर असतात. ती सांगायची सवय आपल्याला कुणी लावत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारा एकच ईमेल पन्नास प्राध्यापकांना पाठवू नका. जाहिरातीखाली माहितीसाठी एका व्यक्तीचं नाव असतं. प्रकल्पाबद्दल नेमकी शंका असेल तर तिला खुशाल विचारा.

युरोपीय संघाच्या निधीतून चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडीच्या जागाही पाहा. त्यांची अट अशी की नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत, जागा ज्या देशात आहे तिथे 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. थेट महाराष्ट्रातून येणाऱ्याला ती आड येत नाही; इथेच दोन वर्षं एमएस्सी केलेल्याला मात्र दुसरा देश शोधावा लागतो.

ज्यांना प्रयोगाचे प्लॉट गावाकडेच ठेवायचे आहेत, त्यांच्यासाठी वाखेनिंगेनला 'सँडविच पीएचडी' आहे: सुरुवातीचा आणि शेवटचा काळ इथे, मधलं काम आपल्या देशात. ती पगारी नोकरी नसते, शिष्यवृत्तीची सोय लागते. त्यामुळे आधी तिकडच्या आपल्या गाईडशी बोला, मग इथल्या विभागाला लिहा.