काटा नाचतोय, पण दाब हलतोय का?

बाहेरून बसवलेल्या फ्युएल प्रेशर गेजचा काटा नाचायला लागला की पहिला बळी पंपाचा जातो. नवा पंप येतो आणि काटा आपला नाचतोच. म्हणून आधी एवढंच ठरवा: रेलमधला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला दाब खरंच वरखाली होतोय, की नुसता काटा?

रेलच्या टेस्ट व्हॉल्व्हला तात्पुरतं एक साधं यांत्रिक गेज लावा. इंजिन थंड असू द्या, दाब आधी सोडा, खाली फडकं ठेवा. इंजिन चालू करून दोन्ही गेज बघा. दोन्ही काटे बरोबरीने हलले तर दोष इंधनाच्या बाजूला. एकटं तुमचंच गेज हललं तर पंपाला हात लावू नका. आणि हो, हे यांत्रिक गेज बॉनेटखालीच वाचा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणायची नाही.

काही हालचाल मात्र योग्यच असते. व्हॅक्यूम पाइप जोडलेला रेग्युलेटर (रेलमधला दाब आवरणारा भाग) असेल तर पाइप काढल्यावर ४३ पीएसआय दिसणारा दाब आयडलिंगला ३३-३४ वर येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वर चढतो. तो चढलाच पाहिजे. पाइप काढून बोटाने बंद करा. मग काटा स्थिर राहिला तर रेग्युलेटर ठीक आहे. त्या पाइपात पेट्रोलचा ओलावा दिसला तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय.

इलेक्ट्रिक गेजमध्ये बहुतेक वेळा खोड अर्थिंगची निघते. ओळखायची सोपी खूण: इंडिकेटर लावा. त्याच्या टिकटिकीबरोबर काटा उडी मारत असेल तर निकाल लागला. तीन वायरींच्या नेहमीच्या सेंडरला (दाब मोजून गेजला सिग्नल पाठवणाऱ्या भागाला) ५ व्होल्ट मिळतात आणि तो ०.५ ते ४.५ व्होल्ट सिग्नल देतो. ० ते १०० पीएसआयच्या सेंडरमध्ये याचा अर्थ १ पीएसआयला फक्त ०.०४ व्होल्ट. अर्थमध्ये ०.१ व्होल्ट गळले की अडीच पीएसआयची चूक झालीच. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन सेंडरच्या अर्थला, दुसरी गेजच्या अर्थला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बसवा. सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींसोबत एकाच जुडग्यात बांधली असेल तर तीही बाजूला काढा.

एकाच वायरीच्या सेंडरची गंमत वेगळी. त्याला अर्थ मिळतो तो आट्यांमधून, आणि बसवणारा हौसेने त्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे देतो. टेप काढा, इंधनाला टिकणारं पातळ सीलंट लावा, तेही पहिला दीड आटा सोडून. टेपची चिंधी सुटून इंजेक्टरमध्ये अडकायची भीतीही मग उरत नाही.

रेलवरच बसवलेल्या यांत्रिक गेजचा काटा आयडलिंगला धूसर दिसेल इतका थरथरतो. इंजेक्टर उघडला की क्षणभर दाब पडतो, त्याचेच ते ठोके. बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर मध्ये टाकला की काटा शांत होतो. ग्लिसरीन भरलेलं गेज तापल्यावर हळूहळू कमी दाखवू लागलं तर डब्याचं रबरी बूच जरा उचलून आतला कोंडलेला दाब सोडा.

दाब खरंच हलत असेल तर तो कधी हलतो ते बघा. टाकी पाव भरलेली असताना वळणावर काटा पडला तर पंप हवा ओढतोय. चढावर जोर लावल्यावर हळूहळू उतरला तर फिल्टर तुंबलाय किंवा पंपाला पुरेसा करंट मिळत नाही. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले, फ्यूजचा होल्डर आणि पंपाचा अर्थ, याच क्रमाने शोधा. हे सगळं ठीक निघालं तरच नवा पंप.