एकोणीस मिलिमीटरचा जी-शार्प

जुन्या युरोपीय संगीताच्या मैफलींसाठी हार्पसिकॉर्ड आणि छोटे ऑर्गन जुळवून देणं हा माझा व्यवसाय. नेदरलँड्समधल्या एका चर्चमध्ये त्या दिवशी मोंतेवेर्दी या सतराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराच्या रचनांचा कार्यक्रम होता आणि ठरलेला थिऑर्बोवादक सकाळीच तापाने आडवा झाला. थिऑर्बो म्हणजे लांब मानेची, जास्तीच्या खर्ज तारांची ल्यूट, गिटारच्या जातीचं जुनं तंतुवाद्य. दुपारी बदली वादक पोचला. कोवळा पोरगा, आणि वाद्याची पेटी त्याच्यापेक्षा उंच. पेटी उघडता उघडताच म्हणाला, "माझं वाद्य ४१५ला आहे हं."

आमचा ऑर्गन ४४०ला. हे आकडे 'ए' या स्वराच्या कंपनसंख्येचे, हर्ट्झमधले. म्हणजे अर्ध्या सुराचा फरक.

४४० हर्ट्झवर आंतरराष्ट्रीय एकमत झालं तेच १९३९ साली. फ्रान्सने १८५९मध्ये ४३५ ठरवला होता, आणि त्याआधी गावागणिक वेगळा सूर. आज बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत वाजवणाऱ्यांनी ४१५ धरला तो निव्वळ सोयीपोटी. एकट्याने वाजवणाऱ्या ल्यूटवाल्याला आकड्याशी देणंघेणंच नसे. पहिली तार तुटणार नाही इतपत चढवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा, असा जुन्या शिकवण्यांमधला सल्ला आहे. शेजारी ऑर्गन आला की मात्र भानगड सुरू होते.

कंडक्टरने लगेच तोडगा काढला. "ऑर्गनचा कीबोर्ड सरकतो ना? सरकवा एक घर खाली."

सरकतो, पण मी तो सकाळी मीनटोनमध्ये लावलेला. या पद्धतीत बहुतेक गंधार अगदी शुद्ध, ५:४ मिळतात. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच गंधार. त्याची किंमत एका पंचमाला मोजावी लागते. जी-शार्प आणि ई-फ्लॅट यांच्यामधला तो पंचम इतका बेसूर असतो की त्याला 'वुल्फ' म्हणतात. कीबोर्ड एक घर खाली नेला, की ए-मायनरचा षड्ज-पंचम बरोबर त्या वुल्फवर जाऊन बसतो. आणि संध्याकाळची मुख्य रचना, 'लामेन्तो देल्ला निन्फा', होती ए-मायनरमध्येच. मी नाही म्हटलं. कंडक्टरला ते आवडलं नाही, पण सगळे पाइप नव्याने जुळवायला वेळ कुठून आणणार?

मग पोराने तारा चढवायला घेतल्या. अर्धा सूर चढवायचा म्हणजे ताण सुमारे १२ टक्के वाढणार. त्याच्या तारा आतड्याच्या नव्हत्या, कृत्रिम होत्या, म्हणून मी होकार दिला. खुंटी जराशी पिळायची, थांबायचं, पुढच्या तारेकडे वळायचं. चौदा तारा.

फोनवरचा ट्यूनर प्रत्येक मोकळ्या तारेला हिरवा दिवा दाखवू लागला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. तालीम सुरू झाली. त्या रचनेत खर्जात ए, जी, एफ, ई अशी चार स्वरांची उतरण शेवटपर्यंत फिरत राहते, आणि दर फेरीत ई-मेजरचा स्वरमेळ येतो. दर फेरीला माझे दात शिवशिवत होते.

ईला षड्ज धरला तर जी-शार्प हा त्याचा गंधार. थिऑर्बोवर तो चौथ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर मिळतो. पण हे पडदे तातीचे, मानेभोवती गाठ मारून बांधलेले. एक पडदा सगळ्या तारांखालून जातो. त्याच पडद्यावर शेजारच्या तारांवर बी-फ्लॅट, एफ आणि सी लागतात, आणि मीनटोनमध्ये त्यांना मोठा अर्धस्वर हवा असतो. जी-शार्पला हवा लहान. फरक ४१ सेंटचा; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पोराने एफ आणि सीसाठी पडदा खाली सरकवला तसा जी-शार्प आणखीच चढला.

मी पट्टी लावून मोजलं. तारेची बोलती लांबी ८५ सेंटीमीटर. वरच्या टोकापासून पडदा साडेपाच सेंटीमीटरवर, आणि जी-शार्पची जागा हवी होती पडद्याच्या सुमारे १९ मिलिमीटर वर. उपाय जुनाच आहे: फक्त त्या एका तारेखाली छोटासा जादा पडदा चिकटवायचा, त्याला 'तास्तिनो' म्हणतात. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूटवादक. त्यांना हे तुकडे अजिबात पसंत नव्हते. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधा, सगळे अर्धस्वर जवळजवळ सारखे, असं त्यांचं गणित. एकट्या ल्यूटला ते शोभतं. माझ्या ऑर्गनशेजारी नाही.

टूथपिक ब्लेडने कापली, दुहेरी टेपवर बसवली. त्याने चौथी तार दाबली, मी ई धरून ठेवला. दोन सूर नीट जुळले नाहीत की आवाजात उठतात त्या लाटा हळू झाल्या. काडी केसभर वर सरकवली, आणि लाटा थांबल्या.

"बोटाला सवय नाहीये," तो कुरकुरला.

"संध्याकाळपर्यंत होईल."

लोक आले, दारं बंद झाली, हवा गरम झाली. दर अंशाला ऑर्गन साधारण तीन सेंट चढतो आणि त्याला कुणी थांबवू शकत नाही. मध्यंतरात पोराने माझ्याकडे पाहिलं.

"किती?"

"आठ-नऊ सेंट."

"म्हणजे चौदाच्या चौदा?"

मी मान हलवली. त्याने एक डच शिवी हासडली आणि पहिली खुंटी पकडली.