तुम्ही विचारलंत म्हणून: सोल्डरिंग मी स्वतः का शिकले

"हे बाहेर करून मिळत नाही का?"

थेरपी सेंटरच्या बाकावर, नात्यातल्या लग्नात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लेकीच्या खेळण्यातून बाहेर आलेली वायर दिसली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ कोणीतरी म्हणतं, "आई आहे ना, आई काय वाट्टेल ते करते." प्रश्नाचं उत्तर आज एकदाचं देते. त्या दुसऱ्या वाक्याचा मला राग येतो, त्याबद्दलही बोलते.

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. खेळण्याच्या पोटातलं बारीक बटण तिला बोटाने दाबता येत नाही, पण बशीएवढा स्विच समोर ठेवला तर तळहाताच्या कडेने दाबता येतो. खेळण्याच्या मूळ बटणाच्या दोन टोकांना दोन वायरी जोडायच्या आणि त्या बाहेर काढून एका सॉकेटला लावायच्या, की मोठा स्विच त्यात बसतो. अशा स्विचना सहसा ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅकच, म्हणजे हेडफोनच्या पिनेसारखी पिन असते, त्यामुळे एक स्विच सगळ्या खेळण्यांना चालतो. अशी तयार खेळणी मिळतात, पण साध्या खेळण्याच्या कितीतरी पट किमतीला.

आमचा पहिला भुंकणारा कुत्रा एका ओळखीच्या बाईंनी परदेशातून आणून दिला होता. काही दिवसांतच स्विचची वायर जॅकपाशी तुटली. मी ती पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात नेली. दुकानदाराने दोन मिनिटांत सोल्डर मारून, म्हणजे कथलाची तार वितळवून जोड लावून दिलं, पैसेही घेतले नाहीत. वायर पुन्हा तुटली, पुन्हा नेली. असं चालू राहिलं.

शेवटच्या वेळी लेक बरोबर होती. दुकानाला पायरी, त्यामुळे तिची व्हीलचेअर खाली रस्त्यावर, मी एक हात तिच्या खुर्चीवर ठेवून काउंटरकडे वाकलेली, मागून स्कूटरवाले हॉर्न देतायत. त्याने वायर हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, कशाला एवढी दगदग करता? हिला काय कळतंय, कुत्रा भुंकला काय नि नाही काय. मोबाइलवर गाणी लावून देत जा."

त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. म्हणूनच मला उत्तर सुचेना. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. लेकीला बोलता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं. त्याच क्षणी तिने मान दुसरीकडे फिरवली. ते ऐकून फिरवली की हॉर्नमुळे, मला आजही सांगता येणार नाही, आणि त्या दुपारचं हेच मला सर्वांत जास्त छळतं. मी वायर परत मागून घेतली. घडी केलेली व्हीलचेअर घ्यायला तयार असलेली रिक्षा लवकर मिळत नाही, तशी त्या दिवशीही मिळेना. त्याच्याकडे बघायचं नव्हतं, लेकीकडे बघवत नव्हतं, म्हणून मी हातातली वायर निरखत उभी राहिले.

तेव्हा दिसलं की त्याने मारलेलं सोल्डर जागच्या जागी घट्ट आहे. जोड तुटलाच नव्हता. वायर तुटली होती जोडाच्या पुढे, दोन-तीन मिलिमीटरवर.

याचं कारण मला नंतर समजलं. मऊ वायर म्हणजे तांब्याच्या बारीक धाग्यांचा पीळ. सोल्डर त्या धाग्यांमधून आत, प्लास्टिकच्या खालपर्यंत चढतं आणि तेवढा तुकडा कडक करून टाकतं. मग वायर वाकली की सगळा ताण कडक भाग संपतो तिथे येतो आणि धागे एकेक करून तुटतात. टेबलावर ठेवलेल्या रेडिओत हे कधी होणार नाही. आमची वायर मात्र खुर्चीच्या ट्रेवर दिवसभर ओढली जाते, वाकते, चेअरच्या चाकात अडकते. तिथे सोल्डरपेक्षा त्याच्या मागचा आधार महत्त्वाचा. जॅकच्या शेपटीचे पंजे वायरच्या प्लास्टिकवर दाबून बसवायचे, वर स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी चढवायची, खेळण्याच्या आत वायरला गाठ मारायची, म्हणजे ओढ जोडापर्यंत पोचतच नाही. हे दुकानात कोणी करणार नाही असं नाही. पण वायर कशी वापरली जाते हे दिवसभर बघणारी मी होते.

शेजारचा मुलगा तेव्हा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक करत होता. त्याने मला खेळण्याला हातच लावू दिला नाही. आधी जुन्या बोर्डाचे तुकडे आणि वायरींची कात्रणं. "काकू, बिट आधी चमकवा." बिट म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं तापणारं टोक. ते ओल्या स्पंजवर पुसायचं, लगेच थोडं सोल्डर चढवायचं. काळं पडलेलं बिट कितीही तापलं तरी उष्णता पुढे देत नाही. मग स्लीव्ह वायरमध्ये आधीच ओवून लांब सरकवायची, वायरचं टोक पिळून त्याला पातळ सोल्डर पाजायचं, ते जॅकच्या भोकातून अडकवायचं. बिट वायरला आणि जॅकच्या पत्र्याला एकदमच टेकवायचं आणि सोल्डर बिटाला न लावता पलीकडून पत्र्याला लावायचं. पत्रा पुरेसा तापला असेल तर ते आपोआप पसरतं, वायरच्या कडेला वर चढतं. नसेल तापला तर गोळी होऊन वर बसतं. तेच ड्राय सोल्डर, आज चालेल आणि उद्या दगा देईल. वितळलेलं गोठेपर्यंत हात हलवायचा नाही.

शिकले ते ६०/४० वर, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं. ते १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, नवशिक्याला सोपं जातं. पण लेक सगळं तोंडात घालते, म्हणून खेळण्यांना मी शिसं नसलेलं वापरते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, बिट जास्त तापवावं लागतं, आणि जोड मुळातच थोडा निस्तेज दिसतो, त्याला ड्राय सोल्डर समजू नका. धूर शिशाचा नसतो, तारेच्या पोटातल्या राळेचा असतो, पण दम्याला तो वाईटच. खिडकी उघडी हवी, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे.

आता आईपणाबद्दल. मला हे काम आवडतं, लेकीला बाजूला ठेवूनही आवडतं. ती झोपल्यावर टेबलावर दिवा ओढून बसते तेव्हा मी कोणाची आई नसते, आणि तो तास मला हवा असतो. तुम्ही त्याला त्याग म्हणता तेव्हा माझी एवढी एक आवड काढून घेता. शेजारच्या मुलाला कोणी म्हणालं का, की तो त्याग करतोय?

सुरुवातीची मी मात्र हे मान्य करणार नाही. तिचा हिशेब सरळ होता: जोड पक्का झाला की लेक खेळेल, खेळली की त्या दुकानदाराला उत्तर मिळेल. जोड पक्का झाला. लेक कधी स्विच दाबते, हसते, पुन्हा दाबते. कधी दिवसचे दिवस हात लावत नाही. कधी हात नुसता पडतो आणि कुत्रा भुंकतो, तेव्हा तिने दाबला की दाबला गेला, हे मी ओळखू शकत नाही. थेरपिस्ट म्हणतात, वाट बघा. मी वाट बघते, पण दुकानदार चूक होता हे मला अजून सिद्ध करता आलेलं नाही. ते सिद्ध करायची गरजच नाही असंही मला वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या हाताकडे टक लावून बसते.

तर, बाहेर करून मिळतं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करून घ्यावं. घरी करणार असाल तर पहिलं खेळणं असं घ्या, ज्याचा पंजा किंवा पोट दाबलं की ते हलतं किंवा गातं. शिवण उसवली की आत बटणाच्या दोन वायरी समोरच दिसतात. सरकत्या बटणाची खेळणी सुरुवातीला नकोत. वायर हातभर जास्तच ठेवा.