चार्जिंग येतं-जातं : दोन बॅटऱ्या बदलल्यावर सापडलेली एक पिवळी वायर

आठ-दहा दिवस मोटरसायकल नीट चालायची आणि मग एखाद्या सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक'. सगळीकडे उत्तर एकच, बॅटरी गेली. म्हणून दोन बॅटऱ्या बदलल्या. तिसऱ्या वेळी वॉरंटीच्या काउंटरवर बॅटरी दोन दिवस ठेवून घेतली, चार्ज केली आणि 'ओके' लिहून परत दिली. बॅटरी ओकेच होती, प्रश्न तिचा नव्हताच. सर्व्हिस सेंटरमध्ये मीटर लावला, पण रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर. १४.२ व्होल्ट आले. 'फॉल्ट दिसत नाही' असा शेरा मारून गाडी हातात दिली. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. अधूनमधून येणारा फॉल्ट थंड गाडीवर दिसणार तरी कसा?

सुरुवातीच्या तपासण्या सगळ्यांना माहीत असतात, त्या भराभर सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. इंजिन ४००० ते ५००० आरपीएमवर असताना १३.८ ते १४.५. हा आकडा १५च्या वर गेला तर आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) खराब आहे. अशी गाडी तशीच चालवली तर बॅटरी उकळते आणि बल्ब उडतात. स्टेटरच्या (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) तीन पिवळ्या वायरी कपलरमधून, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमधून, सोडवून दोन-दोनच्या जोडीने एसी व्होल्टेज बघायचं. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण तिन्ही जोड्यांवर जवळपास सारखा यायला हवा. पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्यूइटी (विजेचा जोड) मिळता कामा नये. ही शेवटची तपासणी इंजिन तापलेलं असताना पुन्हा करा, कारण कॉइलचं इन्सुलेशन कधीकधी गरम झाल्यावरच सोडतं. माझ्या गाडीत हे सगळं ठीक निघालं आणि घोडं तिथेच अडलं.

मग हँडलवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर बसवला. त्याची वायर हॉर्नच्या किंवा हेडलाइटच्या लाइनमधून घेऊ नका, तिथला ड्रॉप, म्हणजे वायरीत वाटेतच पडणारे व्होल्ट, धरून खोटा आकडा दिसतो. थेट बॅटरीच्या टोकांवरून घ्या आणि मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाका. पुण्याहून सासवडकडे निघालो तेव्हा १४.१. दिवे घाट चढून वर येईपर्यंत १२.५, मग १२.३. वर गाडी बंद करून दहा मिनिटं थांबलो, सुरू केली, पुन्हा १४.१. फॉल्ट उष्णतेचा आहे हे त्या दिवशी कळलं.

संशय आरआर युनिटवर आला. चालू स्थितीतलं दुसरं लावून पाहिलं, फरक नाही. पिवळ्या वायरींच्या कपलरवर ओहम लावून पाहिलं, तिन्ही पिना सारख्या. इथे माझी चूक झाली. साधा मल्टिमीटर ०.१ ओहमच्या खालचं काही सांगू शकत नाही आणि त्याच्या स्वतःच्या वायरींतच ०.२-०.३ ओहम असतो. एवढासा रोध क्षुल्लक वाटतो, पण १५ अँपिअर वाहत असताना ०.१ ओहमवर दीड व्होल्ट पडतो आणि साडेबावीस वॉट उष्णता तयार होते. म्हणजे जवळजवळ २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न त्या एका पिनेत घालून ठेवल्यासारखं. त्यात बहुतेक मोटरसायकलींचं आरआर युनिट शंट प्रकारचं असतं. जास्तीची वीज ते शॉर्ट करून स्टेटरमध्येच परत फिरवतं. म्हणून बॅटरी भरलेली असो वा लाइट बंद असो, पिवळ्या वायरींतून करंट वाहतच असतो.

खरी तपासणी म्हणजे करंट वाहत असताना ड्रॉप मोजणं. कपलर सोडवायचा नाही. मागच्या बाजूने, वायरीला लागून, दोन टाचण्या आत सरकवायच्या : एक स्टेटरच्या बाजूने, एक आरआरच्या बाजूने, दोन्ही एकाच वायरीवर. दोन वायरींच्या टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. मीटर एसी व्होल्टवर, इंजिन ३००० आरपीएमवर. दोन वायरींवर ०.१च्या आत आले, तिसरीवर १.५. गाडी तापवून पुन्हा मोजलं तर तिसरीचा आकडा उडून २०च्या पुढे गेला, म्हणजे पीन पूर्ण सुटली. एक वायर सुटली की तीन जोड्यांपैकी एकच कामाची उरते आणि हेडलाइट लावलेला असताना तेवढ्याने भागत नाही. शिवाय पीन सुटली की तिच्यातला करंट थांबतो, ती निवते आणि पुन्हा टेकते. मेकॅनिककडे पोचेपर्यंत सगळं ठीक, ते यामुळेच.

कपलर उघडला तेव्हा एका भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं होतं. आतली मादी पीन करपून सैल पडली होती, पकडच उरली नव्हती. तिला पकडीने दाबून घट्ट करू नका. एकदा तापून गेलेल्या पिनेतला ताण परत येत नाही. वायर मागे सोलत जा, तांबं काळं आहे तोवर कापा. माझी चार सेंटिमीटर कापावी लागली. तेवढाच जाड तुकडा जोडून, नवा कपलर आणि सहाही नव्या पिना क्रिंप केल्या, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस. बरेच जण कपलर काढून वायरी थेट सोल्डर करतात. तेही चालतं, तिन्ही पिवळ्यांचा क्रम कसाही असला तरी बिघडत नाही. मला कपलर बरा वाटतो, पुढे आरआर काढताना वायर कापावी लागत नाही. इन्सुलेशन टेप मात्र नको : उष्णतेने तिचा गोंद सुटतो आणि आत पाणी धरतं. हीट श्रिंक स्लीव्हच घाला.

एक सांगायचं राहिलं, खरं तर हे सगळ्यात आधी करायला हवं. मल्टिमीटरचा स्वतःचा सेल बघा. तो उतरला असेल तर मीटर आकडे वाढवून दाखवतो आणि नसलेलं चार्जिंग असल्यासारखं दिसतं. हँडल पूर्ण डावीकडून उजवीकडे वळवताना व्होल्ट हलत असतील तर कपलरकडे न जाता आधी हँडलच्या मानेजवळची वायरिंग बघा, ती तिथे घासते. आरआरची अर्थिंगही ड्रॉपनेच तपासा : मीटर डीसीवर, आरआरची अर्थ वायर ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक, ०.२च्या वर गेलं तर बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग येतंय का' बघायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्या एका झटक्यात ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) जाऊ शकतो.

दुरुस्तीनंतर घाटाच्या वर १४.१ आणि तिन्ही पिवळ्या वायरींवर ड्रॉप ०.०५च्या आत. पावसाळा संपल्यावर कपलर पुन्हा उघडला, पिना चकचकीत होत्या.