तुम्ही विचारलंत म्हणून: क्रियापदापाशी मी का थांबते

"अकरा वर्षं सर्बियात, नोव्ही सादला काढलीस, तरी बोलताना मध्येच अशी का थांबतेस?" मावशी विचारते, सर्बियन शिकणारी मुलंही विचारतात. एकदाच नीट सांगते.

रूपं येत नाहीत म्हणून नव्हे. झोपेतून उठवलंत तरी म्हणेन: पिसाती म्हणजे लिहिणं, पिशेम, पिशेश, पिशे, पिशेमो, पिशेते, पिशु. कुपोवाती म्हणजे विकत घेणं, त्याचं कुपुयेम होतं; दावाती म्हणजे देणं, त्याचं दायेम. पहिल्या वर्षी मी ‘दावाम’ म्हणायचे, ते केव्हाच सुटलं. अडचण जोडीची आहे. चालू असलेल्या क्रियेला एक क्रियापद, पार पडलेलीला दुसरं. आपण ‘लिहीत होते’ आणि ‘लिहून टाकलं’ म्हणतो, तिथे पिसाती आणि नापिसाती.

मरण्याचीही अशीच जोडी: उमिराती आणि उम्रेती. दोन्हींत आपलाच ‘मर’ आहे, एकाच जुन्या मुळातला.

घरमालकीण आजींचे यजमान महिनाभर हॉस्पिटलात होते. मुलगा व्हिएन्नाला. आजींना फोनवर रडू आवरायचं नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्याला मी कळवायचे. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर रोज एकच शब्द, ‘उमिरे’, म्हणजे शेवटच्या घटका मोजतायत. ज्या पहाटे ते गेले, तेव्हाही फोन मीच केला. भूतकाळ करायचा एवढं लक्षात होतं. तो मी महिनाभर जिभेवर असलेल्या क्रियापदाचाच केला: ‘उमिराओ ये युत्रोस.’ हवं होतं ‘उम्रो ये’. मी बोलले त्याचा अर्थ, सकाळी अगदी शेवटाला टेकले होते. त्याने विचारलं, आता कसे आहेत? मी म्हटलं, ‘मिरान ये’, शांत आहेत. त्याने मोठा श्वास सोडला. मला वाटलं, रडतोय.

संध्याकाळी तो दारात उभा. हातात हॉस्पिटलसाठी घेतलेल्या सपाता, निळ्या, आतून लोकर लावलेल्या. किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. आजी काळ्या कपड्यांत बाहेर आल्या. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो मला एका शब्दाने बोलला नाही.

मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले की दोष मराठी कानाचा. वडीलधाऱ्यांना आपण ‘मेले’ म्हणत नाही; गेले, वारले म्हणतो. ‘उम्रो’ मला ‘मेला’सारखं लागायचं, म्हणून जिभेने ते टाळलं. आता हे पटत नाही. महिनाभर ‘उमिरे’ म्हणताना हा कान कुठे होता? त्यातही तोच ‘मर’. मग वाटतं, ‘उमिरे’ म्हणेपर्यंत माणूस असतो, म्हणून ते तोंडातून निघायचं. की मी नुसती थकले होते? अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई गेल्या. खाली दुकानात सांगायचं होतं. ‘उम्रो’चं बाईसाठीचं ‘उमर्ला’ हे रूप मला येत होतं, बरोबर होतं, तरी मी थांबले. दुकानवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी तो शब्द त्यांनीच उच्चारला.