वीसपैकी सहा

गेल्या नवरात्रातली गोष्ट. आठवी माळ होती त्या दिवशी. चौथीतल्या एका मुलीने फळ्यासमोर उभं राहून आकडे वाचले आणि तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

मी मराठवाड्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघर घट बसतात, त्याच दिवशी वर्गातही आम्ही बसवतो. प्रत्येकाने आपल्या शेतातली मूठभर काळी माती आणायची, पळसाची पत्रावळ आणायची आणि घरच्या ज्वारीचे मोजून वीस दाणे. मोजून, हे महत्त्वाचं. घरच्या घटात मूठभर धान्य पडतं, त्यात किती उगवलं हे कुणी मोजत नाही. वर्गात चार ओळी, एका ओळीत पाच दाणे. पाणी रोज बाटलीच्या टोपणाने, दोनच टोपणं.

उंची मोजायला पट्टी चालत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मुलांच्या प्लास्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी मोकळी जागा असते. ती मातीवर टेकवली की सगळे आकडे कमी येतात. तेव्हापासून आम्ही कागदाच्या पट्ट्या कापतो, अगदी कडेपासून सेंटिमीटर आखतो आणि त्या प्रत्येक पत्रावळीत रोवून ठेवतो. एक पत्रावळ मुद्दाम कपाटात, अंधारात ठेवते. तिच्यातले कोंब सगळ्यांत उंच होतात, पण पिवळे आणि मान टाकलेले. ‘उंच म्हणजे चांगलं का?’ यावर वर्गात जे भांडण होतं, ते ऐकण्यासाठी मी वर्षभर थांबलेली असते.

हे सगळं आत्ताच का, तेही मुलांना सांगते. आपल्याकडे रब्बी ज्वारीची पेरणी याच दिवसांत, साधारण 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर. पेरायच्या तोंडावर घरचं बी मातीत घालून नऊ दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं, ही या सणातली मला सगळ्यांत आवडणारी बाजू. आमच्या भागात अजून बरेच जण मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचं घरचंच बी धरतात.

चौथ्या माळेला उगवण मोजली. कुणाचे सतरा, कुणाचे एकोणीस. या मुलीचे सहा.

ती काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसली होती म्हणून जवळ गेले, तर हळूच म्हणाली, “बाई, घरचा घट बी उगवंना. आज्जी म्हणती, घरात विटाळ झाला. आईशी बोलंना ती.”

मला काही सुचेना. घट विरळ उगवला की देवीचा कोप, साल वाईट, आणि त्याचं खापर सुनेच्या डोक्यावर, हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. आणि तेच घरचं दुखणं मी त्या पोरीच्या नावाची चिठ्ठी लावून एकोणीस मुलांसमोर खिडकीत मांडलं होतं. मागच्या बाकावरून ‘तिचा घट कोपला’ असं सुरूही झालं होतं.

शिकवून काही होणार नव्हतं. देव कोपत नाही, असं मी म्हटलं असतं तर ती माझं की आजीचं, अशा पेचात पडली असती. म्हणून त्याच तासाला वर्गाला विचारलं, “कमी उगवलं, तर कशामुळे असेल?” मुलांनी तीन कारणं काढली: माती, पाणी, बी. “मग एका वेळी एकच बदलू.” तिचे वीस दाणे मैत्रिणीच्या मातीत टाकले, मैत्रिणीचे वीस तिच्या मातीत. पाणी दोन्हीला दोन टोपणं. शिवाय तिला घरून शंभर दाणे आणायला सांगितले आणि ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, सोयाबीनचं बियाणं तपासतात तसे.

पाचव्या माळेला वरून निरोप आला की उपक्रमाचे फोटो दोनपर्यंत गटावर टाका. मी पाचवीच्या तासाला होते. फोटो काढणाऱ्या सहकाऱ्याने तिची पत्रावळ उचलून बाकाखाली सरकवली, कारण फोटोत ती रिकामी दिसत होती. तिने ते पाहिलं. मी त्यांना कधी नाही इतकं स्पष्ट बोलले. ते वाईट माणूस नाहीत. पण फोटोसाठी शाळा चालवायची सवय आम्हा सगळ्यांना लागली आहे, आणि फोटोत न बसणारं मूल बाकाखाली जातं. पत्रावळ मी पुन्हा मध्यभागी ठेवली. दोन कोंब तेवढ्यात मोडले होते.

आठवी माळ. गोणपाट उलगडलं. मुलांनी दहा-दहाचे ढीग केले. मुळी फुटलेले वेगळे, न फुटलेले वेगळे, बुरशी धरलेले तिसरीकडे. नुसता फुगलेला दाणा उगवला म्हणायचा का, यावर वाद झाला आणि मुळी दिसली तरच धरायचं, असं ठरलं. मग ती फळ्यासमोर आली. माझं बी, माझी माती: वीसपैकी सहा. माझं बी, तिची माती: वीसपैकी पाच. तिचं बी, माझी माती: वीसपैकी अठरा. गोणपाटात शंभरपैकी एकतीस.

वर्ग गप्प होता. मागच्या बाकावरचाच मुलगा म्हणाला, “म्हंजी माती चांगलीय की हिची. बी खराबय.”

“बी खराबय,” ती म्हणाली. दोनदा म्हणाली.

ज्वारीच्या बियाण्याची उगवण निदान 75 टक्के हवी. मी ते आकडे कागदावर लिहून खाली सही केली आणि वडिलांना द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटताना वडील स्वतः आले, कागद खिशात घडी घातलेला. रान तयार होतं, दोन दिवसांत पेरणार होते. म्हणाले, “बाई, ज्वारी खळ्यावर असताना अवकाळीत भिजली होती. दाणा वरून बरा दिसला म्हणून त्यातलंच बी धरलं. आणि प्लास्टिकच्या गोणीत भरलं.” आजीने कागद ऐकून एवढंच विचारलं म्हणे, कोणत्या गोणीतलं काढलं? आणि मग, राखेत बी ठेवायची पद्धत मोडली कुणी, यावर बापलेकीसमोर बराच वेळ बोलल्या. वडिलांनी बी बदललं.

पण आईचं काय झालं? ते मी वडिलांना विचारू शकले नाही. दुसऱ्याच्या घरातलं ते बोलणं होतं, आणि तिथे मी दहा वर्षांच्या पोरीच्या हाती कागद देऊन शिरले होते. तो निवाडा तिने घरी कसा वाचून दाखवला असेल, ते रोज डोळ्यांसमोर येतं. कागद उलटा पडला असता तर? तिचं बी चांगलं आणि माती खराब निघाली असती, किंवा कारणच सापडलं नसतं, तर त्या घरात आईची बाजू घ्यायला माझ्याकडे काय होतं?

यंदा खिडकीतल्या पत्रावळींवर नावं नाहीत, क्रमांक आहेत. आणि पहिल्या माळेलाच आम्ही तीन घरांचं बी तीन मातींत टाकलं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर शाळा भरली तेव्हा तिने मला आपट्याचं पान दिलं. मी विचारलं, “आज्जी बोलती का आईशी?”

“थोडं थोडं,” म्हणाली आणि पळाली.